स्विमिंग पूलचा पंप सारखा बंद पडतोय? आधी त्याला कोणी बंद केलं ते शोधा

बडोद्यात एप्रिल लागला की भायली, सेवासी, सिंधरोटकडच्या बंगल्यांमधून, फार्महाउसवरून आणि सोसायट्यांमधून एकच तक्रार ऐकू येते: पूलचा पंप चालू केला की थोडा वेळ नीट चालतो आणि मग बंद पडतो. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा खटका) मोठा टाका म्हणतो, दुसरा मोटर रिवाइंड करा म्हणतो, तिसरा नवा पंप घ्या म्हणून मोकळा होतो. तिन्ही सल्ल्यांत पैसे जातात, आणि पहिल्यात तर जीवही जाऊ शकतो.

पंप आपणहून क्वचितच बंद पडतो. बहुतेक वेळा मोटर जळू नये किंवा माणसाला शॉक लागू नये म्हणून बसवलेल्या एखाद्या राखणदाराने त्याला बंद केलेलं असतं. एमसीबी, करंटची गळती पकडणारा आरसीसीबी, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, मोटरच्या वाइंडिंगमध्ये बसवलेला थर्मल प्रोटेक्टर, पंप पाण्याशिवाय कोरडा चालू नये म्हणून पॅनेलमधलं ड्राय रन संरक्षण, थ्री फेज असेल तर फेज गेल्यावर बंद करणारा रिले, हे सगळे त्यातले. प्रत्येकाचं काम वेगळं, त्यामुळे प्रत्येकाची तक्रारही वेगळी. पंप कोणी बंद केला आणि चालू केल्यावर किती वेळाने बंद केला, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की निम्म्याहून जास्त शोध संपतो.

हात लावण्याआधी

पंपाला, झाकणाला किंवा वायरीला हात लावायचा तर मेन स्विच खाली. पंप बंद दिसतोय एवढ्यावर विसंबू नका. मोटरमधला थर्मल प्रोटेक्टर गार झाला की आपोआप जुळतो आणि पंप कोणालाही न सांगता सुरू होतो. त्या वेळी तुमची बोटं इम्पेलरमध्ये (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकात) असली तर काय होईल ते सांगायला नको. स्विच खाली केल्यावर घरात सगळ्यांना सांगा, पॅनेलवर कागद चिकटवा.

दुसरी गोष्ट, आरसीसीबी पडत असेल तर कारण सापडेपर्यंत पूलमध्ये कोणीही उतरायचं नाही. लहान मुलं तर नाहीच. आरसीसीबी पडतो याचा अर्थ कुठेतरी करंट आपली वाट सोडून जमिनीकडे जातोय, आणि ओल्या अंगाच्या माणसाला त्यातला थोडा वाटाही पुरेसा असतो. काही ठिकाणी वायरमन हा आरसीसीबी बाजूला काढून सरळ लाइन जोडून देतो आणि "झालं काम" म्हणतो. असं काम करणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नका आणि ती जोडणी त्याच दिवशी काढून घ्या.

टर्मिनल बॉक्स उघडणं, कंडेन्सर (कपॅसिटर) बदलणं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावणं ही परवाना असलेल्या वायरमनची कामं. बाकीचं पाहणं, ऐकणं, मोजणं आणि लिहून ठेवणं तुम्ही स्वतः करू शकता, आणि तेच जास्त उपयोगी पडतं.

पहिलं काम: कोण पडलं ते बघा

पंप बंद पडला की लगेच खटका वर करू नका. पॅनेलसमोर उभं राहून नीट बघा.

एमसीबीचा खटका खाली आलाय का? म्हणजे करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झालं. टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी पडलाय? (बडोद्यात अजून बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात.) म्हणजे करंटची गळती. खटके सगळे वर, दिवा जळतोय, पण मोटर गप्प आणि हात ठेववत नाही इतकी गरम? म्हणजे मोटरच्या आतला थर्मल प्रोटेक्टर. स्टार्टरवरचं छोटं रीसेट बटण बाहेर आलंय? मग ओव्हरलोड रिले. डिजिटल पॅनेल किंवा व्हेरिएबल स्पीडचा पंप असेल तर डिस्प्लेवर आलेला शब्द किंवा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लाइट गेली की तो पुसला जातो आणि मग मेकॅनिक अंदाजावर काम करतो.

आणि हे सगळं जागच्या जागी असेल, मोटर गारही असेल, तर टायमर तपासा. गोल चकतीवर पिना असलेल्या साध्या टायमरमध्ये बॅटरी नसेल तर लाइट गेली की घड्याळ थांबतं. सकाळी दोन तास लाइट नसली की टायमर दोन तास मागे राहतो आणि पंप भलत्याच वेळी बंद होतो. मे महिन्यात दुरुस्तीसाठी जीईबीवाले (वीज कंपनीला लोक अजून याच जुन्या नावाने ओळखतात) लाइट बंद ठेवतात तेव्हा हे हमखास घडतं. मोटर खोलायच्या आधी टायमरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. एवढ्यावरच कित्येक "बिघडलेले" पंप दुरुस्त होतात.

आता एक वही घ्या. पंप किती वाजता चालू केला, किती वाजता बंद पडला, काय पडलं होतं, त्या वेळी व्होल्टेज किती, फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा कुठे, एवढं चार-पाच वेळा लिहा. शक्य असेल तर क्लॅम्प मीटर घ्या. त्याचा चिमटा फक्त फेजच्या वायरीभोवती धरायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरलीत तर आकडा शून्याच्या आसपास येईल. मोटरच्या नावपट्टीवर अँपिअर लिहिलेले असतात, मोजलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. दीड एचपीची सिंगल फेज मोटर साधारण ८-९ अँपिअर घेते, पण तुमच्या पट्टीवर जे लिहिलंय तेच खरं धरा.

चालू करताच पडत असेल

खटका वर करताक्षणी आरसीसीबी पडला तर गळती, एमसीबी पडला तर शॉर्ट किंवा जाम मोटर.

गळतीचा शोध तोडून तोडून घ्यायचा. त्या आरसीसीबीवर पंपाशिवाय पूलमधले दिवे, बागेतले दिवे, गझिबोतला पंखा असं काय काय आहे ते आधी सगळं बंद करा आणि एकेक जोडत जा. पंप जोडल्यावरच पडत असेल तर वायरमनने मोटरच्या टर्मिनल बॉक्समधून फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवावेत, टोकं टेपने बंद करावीत आणि आरसीसीबी पुन्हा वर करावा. तरी पडला तर दोष केबलमध्ये किंवा वाटेतल्या जॉइंटमध्ये. टिकला तर मोटरमध्ये. मोटरचा मेगर ५०० व्होल्टवर घ्यावा. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये निदान १ मेगाओम तरी यायलाच हवा, आणि धडधाकट मोटर त्याहून कितीतरी जास्त दाखवते. पॅनेलमध्ये व्हेरिएबल स्पीडचा ड्राइव्ह असेल तर तो सोडवल्याशिवाय मेगर लावू नये, नाहीतर ड्राइव्ह जाईल.

मोटरमध्ये गळती येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पाणी, आणि ते पाणी येतं मेकॅनिकल सीलमधून. पंपाची बॉडी आणि मोटर जिथे जुळतात त्याच्या खाली बोट फिरवून बघा. ओल असेल किंवा पांढरा खारट थर जमला असेल तर सील गेलं आहे. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या पूलमध्ये हा थर लवकर दिसतो. सील स्वस्त असतं. ते वेळेवर बदललं नाही की पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये, बेअरिंगमधून वाइंडिंगमध्ये जातं, आणि मग खर्च मोटरचा होतो.

एमसीबी पडतोय आणि मोटर नुसती "घूंऽऽ" करते, फिरत नाही, अशी स्थिती असेल तर दोनच शक्यता आधी धरा: कंडेन्सर गेलाय किंवा शाफ्ट जाम आहे. मेन स्विच खाली करून मोटरच्या मागच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर कंडेन्सरवर संशय. फुगलेला, तेल सुटलेला कंडेन्सर डोळ्यांनीच कळतो. न फुगलेलाही आतून कमजोर झालेला असू शकतो, म्हणून वायरमनकडून मायक्रोफॅरडमध्ये मोजून घ्या आणि त्याच्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. लाइट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो, त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. बदलताना त्याच आकड्याचा घ्या. "थोडा मोठा टाकतो, मोटर जोरात उठेल" हे ऐकू नका, त्याने वाइंडिंग तापतं.

शाफ्ट फिरतच नसेल तर इम्पेलरमध्ये काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग पकडलंय. पंपाच्या पुढच्या बास्केटला तडा गेला असेल तर कचरा सरळ इम्पेलरमध्ये शिरतो. खडे, निंबोळ्यांच्या बिया, केसांच्या गुंतवळी हेच नेहमीचे गुन्हेगार. पंप खड्ड्यात, पूलच्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर झाकण उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळं पूल पंपरूममध्ये येईल.

एमसीबीबद्दल एक खुलासा इथेच करतो. मोटर उठताना क्षणभर चालू करंटच्या पाच-सात पट करंट ओढते. घरच्या दिव्यांसाठी वापरला जाणारा बी प्रकारचा एमसीबी आपल्या क्षमतेच्या तीन ते पाच पटींत तत्काळ पडतो, मोटरसाठीचा सी प्रकारचा पाच ते दहा पटींपर्यंत दम धरतो. पंप अधूनमधून चालू करतानाच पडतो आणि एकदा उठला की दिवसभर नीट चालतो, अशी तक्रार असेल तर एमसीबीच्या अंगावर अँपिअरच्या आधी कोणतं अक्षर आहे ते वाचा. प्रकार बदलणं बरोबर. तेवढ्याच वायरीवर १६ चा काढून ३२ चा टाकणं चूक, कारण मग आधी वायर जळेल आणि एमसीबी बघत बसेल.

दहा मिनिटं ते तासाभराने पडत असेल

आपल्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तक्रारी याच प्रकारच्या असतात. पंप सकाळी ठीक, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा ठीक. खटके वर, मोटर तापलेली. अर्ध्या-पाऊण तासाने आपणच सुरू होते.

मोटरची नावपट्टी पुन्हा एकदा वाचा. तिथे बहुतेक वेळा वातावरणाचं तापमान ४० अंश लिहिलेलं सापडेल. म्हणजे भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असताना मोटरने पूर्ण लोड ओढावा, असा तिचा हिशोब केलेला आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तोही सावलीत. पत्र्याच्या छपराच्या, खिडकी नसलेल्या पंपरूममध्ये तर हवा त्याहून कितीतरी गरम असते. मोटर तिथे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहते. एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत टिकतं, पण प्रोटेक्टर त्याच्या आधी लाइन तोडतो, आणि तोडायलाच हवी.

वरून हात लावून मोटर गरम लागते म्हणून घाबरू नका. साठ-सत्तर अंशांची बॉडी हाताला चटका देते आणि ती मोटर पूर्ण निरोगी असू शकते. प्रोटेक्टर पडतोय का, हाच निकष.

मोटरच्या मागच्या टोकाला पंखा आणि त्यावर जाळीचं झाकण असतं. तिथून हवा आत येते आणि बॉडीवरच्या पट्ट्यांवरून पुढे जाते. भायलीतल्या एका सोसायटीत पंप रोज दुपारी बंद पडत होता. मोटर जेमतेम दोन उन्हाळे जुनी. खड्ड्यात उतरून पाहिलं तर मोटरच्या मागच्या बाजूवर तागाचं पोतं, दोरीने बांधलेलं.

"काकू, हे पोतं कोणी बांधलं?"

"माळ्याने, मागच्या पावसाळ्यात. पाणी उडतं म्हणून. मग ते तसंच राहिलं बघा."

पोतं काढल्यावर जाळीत धूळ, कोळ्याची जाळी आणि सुकलेली कडुनिंबाची पानं मिळून एक जाड नमदा तयार झाला होता. जाळीचे तीन स्क्रू काढून ब्रशने साफ केलं, बॉडीवरच्या पट्ट्यांमधली माती खरवडली, आणि पंप दुपारभर चालला. मोटरमागे वीतभर तरी मोकळी जागा हवी. पावसाची भीती असेल तर वर पत्र्याची छत्री करा, मोटरला कपडा गुंडाळू नका. पंपरूमला खाली एक आणि समोरच्या भिंतीत वर एक, अशी दोन भोकं पाडा. वरच्याला एक्झॉस्ट पंखा लावला तर उत्तम.

त्याच खोलीत क्लोरीनची पावडर, गोळ्यांचे डबे किंवा ॲसिडचे कॅन ठेवत असाल तर आजच हलवा. त्यांची वाफ तांब्याला खाते. टर्मिनलवर हिरवट थर चढतो, स्क्रूखाली संपर्क कमी होतो, तिथे उष्णता वाढते, वायरीचं प्लास्टिक काळं पडतं, आणि पंप तासाभराने एमसीबी पाडतो. मोटरला नावं ठेवण्याआधी वायरमनला एमसीबीपासून मोटरपर्यंतचा प्रत्येक स्क्रू कसून बघायला सांगा. काळं पडलेलं टोक कापून नवीन लग मारायचं, नुसतं कसून भागत नाही.

आता व्होल्टेज. बोर्डापाशी २३० असलं म्हणजे मोटरपाशीही तेवढंच मिळतं असं नाही. फार्महाउसवर पूल घरापासून लांब असतो आणि वायर मात्र घरातल्या प्लगची, दीड एमएमची. तिचा हिशोब असा: दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओम. पंप ५० मीटर लांब असेल तर जाण्या-येण्याचे १०० मीटर, म्हणजे १.२ ओम. ८ अँपिअरला जवळपास १० व्होल्ट वाटेतच जातात, आणि मोटर उठताना ४० अँपिअर ओढते तेव्हा ४८ व्होल्ट. बोर्डावर २१५ असताना उठणाऱ्या मोटरला १६७ मिळाले तर ती उठणारच नाही, घूं करत तापत राहील. चार एमएमची वायर टाकली की चालताना चार व्होल्टही जात नाहीत आणि उठताना १८ जातात. व्होल्टेज म्हणूनच मोटरच्या टर्मिनलवर, मोटर चालू असताना मोजायचं. तिथे २०७ च्या खाली आलं तर मोटर तेच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते. आधी वायर बदला, मग मोटरचा विचार करा.

उलटही होतं. आजूबाजूच्या छपरांवर सोलर भरपूर असेल तर भर दुपारी व्होल्टेज २५० च्या वर चढलेलं सापडतं. जास्त व्होल्टेजनेही मोटर तापते. वहीत दुपारचा आकडा सतत चढा दिसला तर फोटोसकट वीज कंपनीकडे तक्रार करा.

अँपिअर जास्त आहेत पण व्होल्टेज ठीक आहे, असं असेल तर बेअरिंग बघा. बेअरिंग गेलं की आधी शीळ, मग किरकिर, मग खरखर ऐकू येते. मेन बंद करून शाफ्ट फिरवला तर हाताला कचकच लागते. बेअरिंग बदलायला मोटर खोललीच आहे तर सीलही नवीन घाला, परत खोलण्याची मजुरी वाचते.

फिल्टर तुंबला की मोटरवर लोड येतो आणि ती ट्रिप होते, असा समज सगळीकडे आहे. पूलच्या पंपाच्या बाबतीत हे उलट आहे. हे सेंट्रिफ्युगल पंप असतात. पुढची वाट अडली की पाणी कमी वाहतं आणि मोटरचे अँपिअर कमी होतात. विश्वास बसत नसेल तर क्लॅम्प मीटर लावून पुढचा व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करून बघा. अँपिअर वाढतात ते वाट फार मोकळी झाली की. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) फिल्टर टाळून रीसर्क्युलेटवर ठेवला असेल, फुटलेल्या पाइपातून पाणी जात असेल, किंवा छोट्या पूलला गरजेपेक्षा मोठा पंप बसवला असेल, तर मोटर जास्त पाणी ढकलते आणि जास्त करंट ओढते. अशा वेळी पुढचा व्हॉल्व्ह किंचित आवळला की अँपिअर पट्टीवरच्या आकड्यावर येतात.

तुंबलेल्या फिल्टरमुळे पंप बंद होतोच, पण वेगळ्या वाटेने. पाणी वाहणं फार कमी झालं की फ्लो स्विच किंवा पॅनेलचं ड्राय रन संरक्षण लाइन तोडतं, आणि ते नसेल तर पंपातलं पाणी तिथेच घुसळून गरम होतं. फिल्टरमधली वाळू स्वच्छ असताना गेजचा काटा किती असतो ते लिहून ठेवा. त्यावर साधारण अर्धा बार चढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं. पंप बंद करून मल्टिपोर्टचं हँडल फिरवायचं, चालू पंपावर कधीच नाही, आतलं गॅस्केट फाटतं. काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स, मग परत फिल्टरवर.

ड्राय रन दाखवून पडत असेल

पॅनेल ड्राय रन म्हणतं आणि पूल तर भरलेलं दिसतं. पंपाने हवा धरली की असं होतं. पंपाच्या पारदर्शक झाकणातून बघा. पाणी भरलेलं आणि शांत हवं. बुडबुडे सतत पळत असतील किंवा बास्केट अर्धी रिकामी असेल तर ओढण्याच्या बाजूने हवा शिरते आहे.

आधी पूलच्या पाण्याची पातळी. ती स्किमरच्या (पूलच्या कडेला, वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याच्या) तोंडाच्या निम्म्यावर हवी. उन्हाळ्यात रोज काही मिलिमीटर पाणी उडून जातं, त्यात मुलांच्या उड्या आणि बॅकवॉशचं पाणी. आठवडाभर कोणी लक्ष दिलं नाही की स्किमर मध्येच हवा गिळायला लागतो, तेही फक्त पंप पूर्ण वेगात असताना. म्हणून पंप वीस मिनिटं चालतो आणि मग पडतो. स्किमरची फळी वर अडकून राहिली तरी हेच. गुलमोहोर जवळ असेल तर मे महिन्यात त्याच्या पाकळ्यांनी स्किमरची टोपली सकाळी साफ केलेली दुपारपर्यंत भरते.

मग झाकणाची ओ-रिंग. काढून बोटांनी फिरवत बघा, चीर किंवा चपटेपणा असेल तर नवीन घ्या. तिच्या खोबणीतला वाळूचा एक कण हवा आत घ्यायला पुरतो. वंगण सिलिकॉन ग्रीसचंच, साध्या ग्रीसने काही रबर फुगतं. त्यानंतर पंपाच्या तोंडाशी असलेला आटे जोड. पंप एकदा कोरडा चालला असेल तर आतलं पाणी उकळून हा पीव्हीसीचा जोड मऊ पडतो, आकसतो, आणि तिथून कायमची हवा शिरू लागते. पंप चालू ठेवून जोडांवर साबणाचा दाट फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे भोक.

व्हॅक्यूम मारताना, म्हणजे होजने पूलचा तळ साफ करताना, पंप पडत असेल तर होज आधी पाण्याने पूर्ण भरून मगच स्किमरला जोडा. लांब होजमधली हवा एकदम पंपात आली तर कोणताही पंप पाणी सोडतो.

थ्री फेजवर असेल

मोठ्या सोसायट्यांचे आणि क्लबचे पंप ४१५ व्होल्टवर चालतात. एक फेज उडाला की उरलेल्या दोन फेजवर मोटर घरघरत तापते. फेज रिले असेल तर तो वाचवतो. तिन्ही फेजचे अँपिअर मोजा, एक फेज बाकीच्या दोघांपेक्षा बराच वेगळा दिसला तर फ्यूज, कॉन्टॅक्टरचे (मोटरची लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट, केबल या क्रमाने जा. कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या शिरतात आणि पॉइंटच्या मध्ये चिरडून काळा थर बसतो, पावसाळ्याच्या तोंडाला हे फार होतं. पॅनेलची केबलची भोकं ग्लँड लावून बंद करा. ओव्हरलोड रिलेचा काटा पट्टीवरच्या अँपिअरवर आहे का तेही बघा. त्याहून खाली ठेवला असेल तर निरोगी पंपही पडेल, वर ठेवला असेल तर आजारी मोटरही जळेपर्यंत चालेल. लाइनचं काम झाल्यावर पंप चालतो पण प्रेशर येत नाही असं झालं तर फेज उलटे जोडले गेलेत आणि मोटर उलटी फिरते आहे.

पावसात आणि पुरानंतर

पहिल्या पावसात आरसीसीबी पडायला लागला तर आधी जमिनीतले जॉइंट आणि जंक्शन बॉक्स. टेप गुंडाळून मातीत पुरलेला जॉइंट उन्हाळाभर टिकतो आणि पहिल्या सरीत बोलतो. अर्थिंगचीही चाचणी याच सुमारास करून घ्या, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडलेला असतो.

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा जमिनीखालच्या कितीतरी पंपरूम बुडाल्या. बुडालेला पंप पाणी ओसरल्यावर "चालतोय का बघू" म्हणून चालू करू नका. त्या एका प्रयत्नात वाइंडिंग जातं. मोटर खोलून गोड्या पाण्याने चिखल धुवायचा, पूर्ण वाळवायची, बेअरिंग आणि सील नवीन घालायचं, कंडेन्सर बदलायचा, मेगर नीट आला तरच लाइन जोडायची. एमसीबी आणि आरसीसीबी बुडाले असतील तर ते धुवून वापरायचे नसतात, टाकून द्यायचे.

दुरुस्ती होईपर्यंत पाण्याचं काय

मे महिन्यात पंप दोन दिवस बंद राहिला तरी पाण्यावर हिरवट झाक येते. तोवर संध्याकाळी ऊन उतरल्यावर क्लोरीन बादलीत विरघळवून कडेने सगळीकडे टाका, भिंती ब्रशने घासा, फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या आत राहील असं रोज तपासा. पाणी फिरत नसताना कोणाला पोहू देऊ नका.

दोष फक्त उष्णतेचा असेल तर पंपाच्या वेळा बदलून काम भागवता येतं. १० मीटर लांब, ५ रुंद आणि सरासरी १.४ खोल पूलमध्ये ७० हजार लिटर पाणी असतं. तासाला २० हजार लिटर फिरवणारा पंप ते साडेतीन तासांत एकदा फिल्टरमधून काढतो. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते अकरा असे दोन फेरे ठेवले तर मोटर दुपारच्या आगीतून वाचते.

पंप पूर्ववत झाला की त्याच दिवशी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तीन आकडे लिहा: मोटरपाशी व्होल्टेज, चालताना अँपिअर, स्वच्छ फिल्टरवर प्रेशर. खाली तारीख घाला. पुढचा माणूस, मग तो कोणीही असो, तिथून शोध सुरू करेल.